क्वांटमची सरकारी फेलोशिप: सहाव्या वर्षी काय?

गोरखचिंच (धागाकर्ता)

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी मी एमएस्सीला भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या एका विद्यार्थिनीला यंदा नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे पीएचडी करण्यासाठीची सरकारी फेलोशिप मिळाली. अणू थंड करून त्यांच्याकडून वेळ, चुंबकीय क्षेत्र, गुरुत्वाकर्षण मोजून घ्यायचं, अशा क्वांटम सेन्सिंगच्या प्रयोगशाळेत तिला पीएचडीसाठी जागाही मिळते आहे. दुसऱ्या हातात हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीचं ऑफर लेटर आहे. वडील एसटीत कंडक्टर, धाकटा भाऊ अजून शिकतोय. वडील परवा स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि म्हणाले, "सर, पाच वर्षं सरकार पैसे देणार हे समजलं. सहाव्या वर्षी कोण देणार?"

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. ६००३.६५ कोटी रुपये, मुदत २०३०-३१ पर्यंत. त्यातून चार केंद्रं उभी राहिली: संगणनाचं बेंगळुरूच्या आयआयएस्सीत, संदेशवहनाचं आयआयटी मद्रासला, सेन्सिंग आणि मापनाचं आयआयटी मुंबईत, पदार्थ आणि उपकरणांचं आयआयटी दिल्लीत. म्हणजे एक केंद्र आपल्या पवईतच आहे. पैसा आला हे चांगलंच झालं. पण मुलांना पाच वर्षांचा स्टायपेंड दिला की मनुष्यबळ आपोआप तयार होतं, हे मला पटत नाही. पुढची जागा आधी दिसली पाहिजे.

इथे या क्षेत्रात काम करणारे बरेच आहेत. अनुभव लिहा. उगाच धीर देऊ नका आणि उगाच घाबरवूही नका. मला त्या माणसासमोर पुन्हा बसायचं आहे.

मिलिकेल्विन

सर, आधी त्या मुलीचं मनापासून अभिनंदन. तालुक्याच्या कॉलेजातून जेआरएफ काढणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे, मीही तसाच आलोय. सध्या अतिवाहक क्युबिट्सवर (क्वांटम संगणकाचे मूळ घटक) पीएचडी करतोय, शेवटच्या टप्प्यात आहे.

आकडे आधी. २०२३ मध्ये फेलोशिप वाढली, ती १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. जेआरएफला महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर फेलो) झाल्यावर ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा, पण हॉस्टेलची खोली मिळाली तर तो नाही. पंतप्रधान रिसर्च फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं ७०,०००, तिसऱ्या वर्षी ७५,०००, मग ८०,००० आणि शिवाय वर्षाला दोन लाखांचं संशोधन अनुदान. ती मात्र ठरावीक संस्थांनाच आहे आणि निवड कडक असते.

आता अनुभव. रकमेबद्दल माझी तक्रार नाही, एकट्या माणसाचं त्यात भागतं आणि घरीही थोडे पाठवता येतात. तक्रार वेळेची आहे. वर्ष संपलं की प्रगती अहवाल, खर्चाचा तपशील, विनियोग प्रमाणपत्र असं सगळं वर जातं. त्यातला एक कागद अडकला की पूर्ण गटाचे पैसे थांबतात. आमच्याकडे सलग काही महिने कोणाच्याच खात्यात काही आलं नव्हतं. ज्यांचं घर पाठीशी होतं ते निभावले. आमचा एक मित्र शिकवण्या घेऊ लागला, प्रयोग बाजूला पडला, आणि पुढे त्याने पीएचडीच सोडली. आमच्या गटात फ्रिज चालवण्यात त्याच्याइतका तयार दुसरा कोणी नव्हता.

कंडक्टरकाकांना हे आधीच सांगून ठेवा. पहिल्या वर्षी हाताशी चार-सहा महिन्यांचा खर्च असू द्या, मग मुलगी शांत डोक्याने काम करेल.

अबोली

वाचतेय, छान धागा. फ्रिज चालवणं म्हणजे काय हो? आणि त्यासाठी पीएचडी कशाला लागते?

मिलिकेल्विन

अबोलीताई, हा फ्रिज म्हणजे डायल्यूशन रेफ्रिजरेटर. छताला टांगलेला सोनेरी मुलाम्याच्या तबकड्यांचा झुंबरासारखा सांगाडा फोटोत पाहिला असेल, तोच. वरून खाली प्रत्येक तबकडी आधीच्यापेक्षा थंड. सगळ्यात खालची साधारण १० ते २० मिलिकेल्विनला असते, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचा शंभरावा भाग. आपला क्युबिट तिथे बसतो. हेलियम-३ आणि हेलियम-४ यांच्या मिश्रणातून ही थंडी तयार होते. एखादी केबल नीट बांधली नसेल, एखादा स्क्रू कमी आवळला असेल, तर तिथून उष्णता उतरते आणि तापमान खाली जातच नाही. चूक कळते कधी? सगळं बंद करून, पंप लावून, दोन-तीन दिवस थंड होऊ दिल्यावर. मग पुन्हा गरम करा, उघडा, शोधा. हे हातात बसायला वर्षं जातात आणि ते पुस्तकात नसतं.

अबोली

आमच्या आजी शेजारीच बसल्यात. त्यांचा प्रश्न: एवढ्या थंडीत आंबे ठेवले तर पुढच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत टिकतील का?

मिलिकेल्विन

आजींना सांगा, टिकतील, पण पेटी उघडायला गाइडची परवानगी लागेल. :)

तिरफळ

माझं मत वेगळं आहे आणि ते सरळ सांगतो. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के आहे, वर्षानुवर्षं त्याच्या आसपासच. त्यातले सहा हजार कोटी ज्या यंत्राचा अजून रोजच्या कामात उपयोग नाही त्यासाठी बाजूला काढायचे, आणि दुसरीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत साधं भिंग नाही. गोव्यात माझी बहीण माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या प्रयोगशाळेची अवस्था बघून मला रडू येतं. क्वांटमच्या नावाखाली कॉलेजं आत्ताच कोर्स काढायला लागली आहेत, शिकवणारा कोण ते विचारू नका. आधी खालची पायरी बांधा.

आणि फेलोशिपची घोषणा करणं सोपं असतं. २०२० च्या अर्थसंकल्पात याच कामासाठी पाच वर्षांत ८००० कोटी जाहीर झाले होते. प्रत्यक्ष मंजुरी आली २०२३ मध्ये, ६००० कोटींची, तीही आठ वर्षांत. त्या तीन वर्षांत ज्या मुलांनी वाट पाहिली त्यांचं काय?

रानपाखरू

तिरफळ, शाळेबद्दल शंभर टक्के सहमत, पण हे दोन वेगळे खिसे नाहीत. खालची पायरी तुटतेय ती शिष्यवृत्तीतच. एनटीएस, म्हणजे राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा, २०२१ पासून थांबली आहे. किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना (केव्हीपीवाय) १९९९ पासून होती, २०२२ मध्ये ती इन्स्पायर या दुसऱ्या शिष्यवृत्ती योजनेत विलीन केली. केव्हीपीवाय मिळाली की बीएस्सीला महिना ५०००, एमएस्सीला ७०००. रक्कम फार मोठी नव्हती, पण अकरावीतल्या पोराला "तू शास्त्रज्ञ होऊ शकतोस" असं कोणीतरी देशाच्या पातळीवर सांगायचं. मी बीड जिल्ह्यातून आले. माझ्या वर्गातले हुशार मित्र इंजिनीअरिंगला गेले कारण बीएस्सी करणाऱ्याला घरात कोणी विचारत नव्हतं. मी टिकले ते या शिष्यवृत्तीमुळे. वडिलांना दाखवायला माझ्याकडे एक पत्र होतं.

म्हणून क्वांटमसाठी माणसं हवीत तर पीएचडीपासून सुरुवात करून चालणार नाही. तोवर निम्मी मुलं दुसरीकडे गेलेली असतात, आणि मुली त्याहून जास्त.

वारणाकाठ

वाखूसा (वाचनखूण साठवली). उत्तम चर्चा.

जुनाजाणता

गोरखचिंच सर, तुमच्या कंडक्टर पालकांनी जो प्रश्न विचारला, तो या देशात एकदा सोडवून झालेला आहे. तेव्हा मी लहान होतो, पण पुढे त्याच घरात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

१९५७ साली डॉ. होमी भाभांनी मुंबईत तुर्भ्याला (ट्रॉम्बे), आताच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, ट्रेनिंग स्कूल सुरू केलं. देशात तेव्हा अणुऊर्जेवर काम करणारी माणसं जवळजवळ नव्हती. विद्यापीठांतून तयार होऊन येतील म्हणून ते थांबून राहिले नाहीत. त्यांनी पदवीधर मुलं निवडली, एक वर्ष स्टायपेंड देऊन शिकवली, आणि ते वर्ष पार पडलं की थेट वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमणूक दिली. नोकरी आधी ठरलेली, शिक्षण नंतर. त्या बदल्यात काही वर्षं तिथेच काम करण्याचं बंधपत्र. डॉ. अनिल काकोडकर त्याच स्कूलमधून आले आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

आमच्या वेळी भौतिकशास्त्राच्या मुलाला रिअॅक्टर इंजिनीअरिंग शिकावं लागे आणि मेकॅनिकलच्या मुलाला अणुगर्भाचं भौतिकशास्त्र. मी मेकॅनिकलचा. मुलाखत घेणाऱ्यांना माहीत असायचं की हा पोरगा उद्या आपल्याच विभागात येणार आहे, त्यामुळे निवडही डोळ्यात तेल घालून व्हायची. आणि आम्हालाही माहीत असायचं की आज जो व्हॉल्व्ह उघडून बघतोय तोच उद्या आपल्या गळ्यात पडणार आहे. त्यामुळे कोणी टंगळमंगळ करत नसे.

आत्ताच्या क्वांटम मिशनमध्ये ही शेवटची कडी मला दिसत नाही. चार केंद्रं आहेत, ४३ संस्थांमधले १५२ संशोधक त्यात आहेत असं जाहीर झालं होतं. उत्तम. पण या केंद्रांनी "आम्ही दर वर्षी इतकी माणसं कायम घेऊ" असं सांगितलं तर कंडक्टरसाहेबांना एका वाक्यात उत्तर मिळेल. आज मिशनची मुदत २०३०-३१ ला संपते. ती मुलगी पीएचडी संपवून बाहेर येईल तेही त्याच सुमारास. आपल्या माणसाचं आयुष्य योजनेच्या मुदतीला बांधणं मला पटत नाही.

मिलिकेल्विन

काका, हे माझ्या मनातलं लिहिलंत. आमच्या गटातल्या सीनियर लोकांनी पीएचडीनंतर पोस्टडॉक (ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम) केलं ते परदेशात. परत यायची इच्छा सगळ्यांची आहे. पण प्राध्यापकाची जाहिरात आली तर शंभर अर्ज, आणि संशोधन संस्थेत कायम वैज्ञानिकाच्या जागा मोजक्याच. मधली पायरी नाही, म्हणजे "प्रयोगशाळेतला कायम वैज्ञानिक" ही जागाच आपल्याकडे फारशी नाही. प्रकल्प संपला की त्याच्यावर शिकलेली माणसंही पांगतात.

भोसरीकर

मी शिकलेला माणूस नाही, आयटीआय टर्नर. भोसरीत छोटा वर्कशॉप आहे, आम्ही व्हॅक्यूमची, म्हणजे आतली हवा काढून घेतलेल्या पेट्यांची (चेंबर) कामं करतो. प्रयोगशाळांची कामंही येतात म्हणून लिहितोय.

तुम्ही सगळे पीएचडीचंच बोलताय. अहो, या अणू थंड करायच्या प्रयोगाला जो चेंबर लागतो तो बनवतो कोण? स्टेनलेस स्टील ३१६ एल, आत धातूला हात लागला तरी डाग राहतो, ग्लोव्ह घालूनच धरायचं. वेल्डिंग आतल्या बाजूने करायचं. बाहेरून केलं तर आत बारीक फट राहते, त्यात हवा अडकते, आणि ती हळूहळू झिरपत राहते. लीक डिटेक्टर म्हणतो लीक नाही, आणि व्हॅक्यूम तर येत नाही. तसंच स्क्रूचं. बंद भोकात साधा स्क्रू आवळला की खाली हवा कोंडते. म्हणून स्क्रूच्या मधून आरपार बारीक छिद्र पाडायचं असतं. फ्लँजची (जोडाच्या चकतीची) सुरीसारखी धार तांब्याच्या गॅस्केटमध्ये (मधल्या कड्यात) रुतते, त्या धारेवर केसाएवढा ओरखडा आला तर तो फ्लँज फेकून द्यायचा. मग पूर्ण चेंबर अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून कित्येक दिवस भाजायचा, तेव्हा कुठे आतलं पाणी निघतं.

हे मला एका सायंटिस्ट मॅडमनी शिकवलं, वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून. त्यांनी माझं पहिलं काम तीनदा परत पाठवलं आणि प्रत्येक वेळी का ते समजावलं. आज माझ्याकडची पोरं ड्रॉइंग बघितल्या बघितल्या सांगतात इथे हवा अडकेल म्हणून. पण त्यातली दोघं चाकणला गाड्यांच्या कंपनीत गेली, कारण तिथे अॅप्रेंटिसशिप आहे, पीएफ आहे, बस आहे. व्हॅक्यूमच्या कामाला आयटीआयच्या पोराला कुठली शिष्यवृत्ती आहे ते मला दाखवा. मुलीला फेलोशिप देताय, तिच्या चेंबरला वेल्डर कुठून आणणार?

गोरखचिंच

भोसरीकर, माझ्या धाग्यातला हा सगळ्यात मोलाचा प्रतिसाद आहे. हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आमच्या गावातही आयटीआय आहे, कॉलेजपासून दहा मिनिटांवर, आणि आमचं त्यांच्याशी काहीच बोलणं नाही.

जुनाजाणता

भोसरीकरांना माझा नमस्कार. तुर्भ्यालाही अधिकाऱ्यांबरोबरच आयटीआय आणि डिप्लोमाच्या मुलांना स्टायपेंडवर घेऊन घडवण्याची वेगळी सोय होती. अधिकारी एकटा काही उभं करू शकत नाही. मी स्वतः जे काही वेल्डिंग ओळखतो ते एका फोरमनकडून शिकलो.

डेल्फ्टवासी

नेदरलँड्समधून लिहितेय. मूळची नाशिकची, इथे डेल्फ्टला क्वांटम उपकरणांवर काम करते.

इथे पीएचडी करणारा हा विद्यार्थी नसतो, विद्यापीठाचा कर्मचारी असतो. चार वर्षांचा करार, दर महिन्याला पगार, पेन्शनची वर्गणी, हक्काची रजा. पगार उशिरा झाला असं कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. आमच्या बेसमेंटमध्ये भोसरीकरांसारखी माणसं आहेत, कायमची. एक तंत्रज्ञ आहेत, निवृत्तीला आलेत. नवीन फ्रिज आला की प्राध्यापक आधी त्यांना विचारतात कुठे टांगायचा. नवीन विद्यार्थ्याची पहिली काही आठवडे शिकवणी त्यांच्याकडेच असते. भारतातल्या ज्या प्रयोगशाळेत मी एमएस्सीचा प्रकल्प केला तिथे हे सगळं पीएचडीची मुलंच करायची, आणि ती गेली की ज्ञानही त्यांच्याबरोबर जायचं.

पण सर, तुमच्या विद्यार्थिनीने लगेच बाहेर जावं असं मी म्हणणार नाही. सेन्सिंग निवडलंय ही गोष्ट फार चांगली आहे. संगणनात आयबीएम, गुगल यांच्याशी शर्यत आहे, तिथे भारतातल्या गटांना उपकरणांसाठीही झगडावं लागतं. सेन्सिंगमध्ये खोलीभर जागेत, काही लेझर आणि रुबिडियम या धातूच्या वाफेची एक काचेची नळी घेऊन जागतिक दर्जाचं काम होतं. हिऱ्यातल्या नायट्रोजनच्या दोषांवर हिरवा लेझर टाकून, त्यातून येणाऱ्या लाल प्रकाशावरून चुंबकीय क्षेत्र मोजायचं, यावर पवईत उत्तम काम चालू आहे.

तिरफळ

डेल्फ्टवासी, मग माझा प्रश्न तोच. खोलीभर जागेत होणाऱ्या या कामाचा सामान्य माणसाला उपयोग काय? घड्याळ थोडं आणखी अचूक झालं तर एसटीच्या कंडक्टरला काय मिळणार?

डेल्फ्टवासी

घड्याळाचंच घ्या. आपली स्वतःची दिशादर्शन प्रणाली नाविक. तिच्या पहिल्या उपग्रहांत युरोपातून आणलेली रुबिडियमची अणुघड्याळं होती. पहिल्याच उपग्रहातली तिन्ही बंद पडली आणि तो दिशादर्शनासाठी निकामी झाला. उपग्रहापासून तुमच्यापर्यंत संदेश यायला किती वेळ लागला यावरून जागा कळते, आणि प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. घड्याळ चुकलं की जागा चुकली. पुढे इस्रोने स्वतःचं रुबिडियम घड्याळ बनवलं आणि मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ या उपग्रहातून ते वर गेलं. ते बनवणारी माणसं कुठेतरी अणू आणि लेझर हाताळायला शिकलीच असतील ना? समुद्रात जाणाऱ्या कोळ्याच्या होडीला, शेतकऱ्याच्या ड्रोनला आणि उद्या एसटीच्या गाडीलाही याच प्रणालीवर चालायचं आहे.

पुण्यातला क्युप्रयोग नावाचा स्टार्टअप प्रकाशीय अणुघड्याळांवर काम करतो. मिशनने निवडलेल्या पहिल्या आठ स्टार्टअपमध्ये तो आहे. पवईतला डिमिरा थंड यंत्रांना लागणाऱ्या केबल बनवतो, तोही त्यातच. सहाव्या वर्षी काय, याचं थोडं उत्तर तिकडे आहे.

तिरफळ

घड्याळाचा मुद्दा पटला. शाळेच्या प्रयोगशाळेचा माझा मुद्दा मी सोडत नाही.

रानपाखरू

सोडूच नका!

कूटलिपी

सहाव्या वर्षाबद्दल आणखी एक दार दाखवतो, मी बँकिंगच्या सुरक्षेत आहे.

आज बँकेचे व्यवहार, आधार, सरकारी पत्रव्यवहार ज्या कुलपांनी बंद आहेत, त्यातली काही मोठा क्वांटम संगणक आला तर उघडतील. तो आज नाही. पण आज चोरून साठवलेला मजकूर तेव्हा उघडता येईल, ही भीती खरी आहे. म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नवी तीन मानकं जाहीर केली, जी क्वांटम संगणकालाही भेदता येऊ नयेत अशी आखली आहेत. हा बदल प्रत्येक बँकेला, प्रत्येक एटीएमला, प्रत्येक सर्व्हरला करावा लागणार आहे. त्यासाठी हजारो माणसं लागतील आणि त्यातल्या बहुतेकांना पीएचडीची गरज नाही. बीएस्सी गणित, बीई संगणक झालेल्या मुलांना वर्षभराचं नीट प्रशिक्षण मिळालं तर पुरतं. अशा प्रशिक्षणाला शिष्यवृत्ती द्या, मी उद्या पाच मुलं घेतो. आमच्याकडे जागा रिकाम्या आहेत आणि येणाऱ्या मुलांना आरएसए (आजच्या कुलपांतलं एक नेहमीचं) म्हणजे काय हेही नीट सांगता येत नाही.

वारणाकाठ

तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) डिसेंबर २०२४ मध्ये बीटेकसाठी क्वांटमचा मायनर, म्हणजे मुख्य विषयाला जोड म्हणून घ्यायचा अभ्यासक्रम आणलाय ना? तिसऱ्या सत्रापासून घेता येतो, किमान १८ क्रेडिट. त्याने काही होणार नाही का?

रानपाखरू

अभ्यासक्रम मी वाचला, चांगला आहे, त्यात प्रयोगशाळेचाही भाग आहे. अडचण शिक्षकांची. माझ्या मैत्रिणीला तिच्या कॉलेजने सांगितलं की पुढच्या सत्रापासून तू शिकव. तिची पीएचडी पॉवर सिस्टीम्समध्ये. ती बिचारी एनपीटीईएलवरचे ऑनलाइन कोर्स बघून रात्री स्वतः शिकते आणि सकाळी शिकवते. तिची मेहनत मला दिसते म्हणून हे लिहिताना त्रास होतो. शिक्षकांना सहा महिने पगारी रजा देऊन आयसर पुणे किंवा मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) अशा संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत पाठवायची फेलोशिप काढा. एक शिक्षक तयार झाला तर दर वर्षी साठ मुलं तयार होतील.

भोसरीकर

ताई, त्या मॅडमना सांगा आमच्याकडे या. चेंबर उघडून दाखवतो.

अबोली

किती सुंदर प्रतिसाद! (आजी म्हणतायत त्या मुलीला पीएचडीलाच पाठवा. लग्नाचं नंतर बघू. आजींचं स्वतःचं शिक्षण चौथीत सुटलं.)

गोरखचिंच

आजींना माझा साष्टांग नमस्कार सांगा.

मंडळी, काल ते वडील आणि मुलगी दोघं घरी आले होते. इथले बरेच प्रतिसाद मी वाचून दाखवले. ट्रेनिंग स्कूलची गोष्ट ऐकून वडील म्हणाले, "म्हणजे एसटीसारखंच. आधी भरती, मग प्रशिक्षण." चेंबर भाजण्याचं वर्णन ऐकताना मुलीचे डोळे बघायला हवे होते. स्टायपेंड उशिरा येऊ शकतो हे मी लपवलं नाही. वडिलांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, पगार आमचाही कधी कधी उशिरा होतो.

निर्णय अजून झालेला नाही. आयटी कंपनीला उत्तर द्यायला थोडे दिवस आहेत. मुलीने त्या आधी प्रयोगशाळा बघून यायचं ठरवलंय. तिथे गेल्यावर तिने काय विचारावं हे सांगाल का? आमच्यापैकी कोणालाच हे माहीत नाही.

मिलिकेल्विन

गाइडला नंतर भेटू दे. आधी तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांबरोबर कॅन्टीनला जाऊ दे. मागच्या वर्षी स्टायपेंड कधी कधी आला हे सरळ विचारायचं. या गटातून बाहेर पडलेले आता कुठे आहेत, आणि कोणी मधेच सोडून गेलं का, गेलं तर का, हेही. उपकरण बिघडलं तर कोण दुरुस्त करतं? "कंपनीचा माणूस परदेशातून येतो" असं उत्तर आलं तर समजायचं वर्षातले काही महिने हात बांधून बसावं लागेल. आणि लेझर लॉक करून, म्हणजे त्याचा रंग अणूला हवा तिथे नेमका स्थिर करून दाखवा म्हणावं. ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना जेमतेम दिसतो, कार्डावर ठिपका बघत जुळवावा लागतो. ते काम तिच्यासमोर कोणी आनंदाने करून दाखवलं तर तो गट चांगला.

डेल्फ्टवासी

यात एक भर. गटात मुली किती आहेत आणि रात्री उशिरा प्रयोग चालतात तेव्हा हॉस्टेलवर परत जायची सोय काय, हेही विचारायला लाजू नकोस म्हणावं. माझ्या वेळी मी विचारलं नाही आणि पहिले सहा महिने रात्रीच्या बसच्या वेळा बघूनच प्रयोग आखले.

जुनाजाणता

आणि मिशनवाल्यांपर्यंत कोणाचा हात पोहोचत असेल तर ट्रेनिंग स्कूलचा प्रस्ताव लिहून पाठवूया. मसुदा मी करतो. भोसरीकर, आयटीआयच्या भागाचं तुम्ही सांगाल तसं लिहीन. कोणत्या यंत्रावर किती महिने, शेवटी कोणती परीक्षा, हे तुमच्याइतकं मला कळणार नाही.

भोसरीकर

काका, रविवारी वर्कशॉप बंद असतो. या, बसू. परीक्षेचं आत्ताच सांगतो: पोराने केलेला चेंबर लीक टेस्टला लावायचा. पास झाला तर पास.

रानपाखरू

मी येते रविवारी. शिक्षकांच्या फेलोशिपचा भाग मी लिहीन. गोरखचिंच सर, तुमच्या एमएस्सी पहिल्या वर्षाच्या मुलींसाठी टीआयएफआर आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा विज्ञान विदुषी हा उन्हाळी कार्यक्रम असतो, खास भौतिकशास्त्राच्या मुलींसाठीच. आणि आयसर पुण्याच्या आय-हब या क्वांटम केंद्राची चाणक्य फेलोशिप पदवी आणि पदव्युत्तरच्या मुलांनाही आहे, पीएचडीपर्यंत थांबावं लागत नाही. दोन्हींच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा, अर्जाची मुदत निघून गेली की पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं.

गोरखचिंच

दोन्ही नावं आत्ताच वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. एका मुलीने लगेच विचारलंय, शिफारसपत्र कोणाचं चालतं? माझं चालेल ना?

रानपाखरू

चालेल सर. मात्र तिला सगळ्या विषयांत किती गुण आहेत ते लिहू नका, ते गुणपत्रिकेत असतंच. तिने प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काय जुळवलं, काय बिघडलं आणि मग तिने काय केलं, ते लिहा.